बारदान वजा करायचं राहिलं

पातूर,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप गोदाबाईस,

तुह्या धाकट्या भावाचा, सूर्यभानचा, वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरते, तरी नमस्कार पुरा समजावा.) तुह्या गुडघ्याचं कसं आहे? भाऊजीचा खोकला गेला, का अजून बिड्याच फुकून राहिले? इकडं सारे मजेत आहो. आकांक्षा बरी, तिची पोरगी बरी, आकांक्षाची माय शकुन बरी, अन् मी ओसरीत आहो. आठ दिवसांपासून ओसरीतच आहो. बाळंतिणीच्या खोलीत मले बंदी आहे, अन् ती माह्याच पोरीनं घातली. घर माहं, नात माही, पण नातीचं तोंड पाहाचं तं खिडकीतून पाहा लागते. हे फोनवर सांगता येत नाही, काहून की आमच्या घरी फोनवर बोललेलं आतल्या खोलीत आधी पोचते अन् तुह्याकडं चांदूर बाजारले मागून. म्हणून हे पत्र.

आता मुळापासून सांगतो. पोरगी अकोल्याच्या दवाखान्यात झाली, दोन किलो आठशे ग्रॅम, हे तुले माहीतच आहे. त्याच दिवशी तुहा फोन आला, की पहिलं पिवळं दूध जड असते, पिळून फेका अन् लेकराले मध चाटवा. बाई, तू मोठी, तुह्यासमोर मी कधी तोंड वर केलं नाही. पण मले एक सांग, आपल्या गोठ्यात गाय व्याली की वासराले उचलून आधी चीक पाजत होतो का नाही? चीक नाही पेला तं वासरू तगत नाही, हे आपल्याले शेंबड्या वयापासून ठाऊक. मग वासराले जे अमृत, ते माणसाच्याच लेकराले जड कसं झालं बापा? दवाखान्यातल्या सिस्टरनंही हेच सांगितलं. चमचाभर निघाला तरी चीकच द्या, पोट बोराएवढं आहे तिचं, अन् सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. (मध आणला होता. तो मी पोळीसंग खाल्ला.)

मी पुरुष माणूस, यातलं मले काय कळते? पण ओसरीत बसणाऱ्याले सारं ऐकू येते. मले वाटे, देवानं लेकरू देलं तं दूधही देलं, त्यात शिकाचं काय! तसं नसते वं बाई. माय अन् लेक, दोघीही नव्या असतात. तीन दिवस थेंब थेंब, अन् चौथ्या दिवशी असा पान्हा फुटला की आकांक्षाचे दोन गाऊन भिजले, छाती दगडासारखी झाली. दीड-दोन तासाले पाजणं, संध्याकाळी तं पोरगी सोडतच नाही. त्यात कातडीले चिरा पडल्या. पोरीनं तोंड लावलं की आकांक्षा खाटेची पाटी घट्ट धरे अन् डोळे मिटे. बाजूले मालीशवाली पार्बताबाई, तिचा एकच घोष, की दूध पातळ आहे, लेकरू भुकं आहे. (पातळ का जाड, हे तिनं कोणत्या डेअरीत तपासलं, देव जाणे.)

तेवढ्यात मले अक्कल सुचली. शकुनचं म्हणणं आहे की संकट नेहमी इथूनच सुरू होते. भाजी तोलाचा इलेक्ट्रॉनिक काटा घरीच होता. चौथ्या दिवशी तो धुतला, पुसला, हळदकुंकू वाहिलं, अन् नातीले त्यावर ठेवलं. भरले तीन किलो सातशे! चार दिवसांत नऊशे ग्रॅम! असं तं माह्या दुधीभोपळ्यानंही कधी केलं नाही. मी गल्लीत पेढे वाटले. सातव्या दिवशी अंघोळीनंतर पुन्हा ठेवलं, तं दोन किलो साडेसहाशे. बाई, माह्या पायाखालची जमीन सरकली. तीन दिवसांत किलोभर लेकरू गेलं कोठी?

मग घरात एकच कल्ला झाला. पार्बताबाई म्हणे, मी सांगतच होती. शकुन मेथी, खसखस, डिंक, जे हाताले लागलं ते आकांक्षाले चारून राहिली. अन् घरातल्या एका माणसानं (नाव सांगत नाही, माणूस भला आहे, फक्त घाबरट आहे) धावत जाऊन पावडरचा डबा अन् बाटली आणली, अन् आकांक्षाच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, की पोरी, तुह्यानं होत नाही, हे लाव. तिनं डबा उचलून फळीवर ठेवला, पोरीले छातीशी धरलं अन् तोंड भिंतीकडं केलं. मग रडली. आवाज न करता रडली, तेच भल्लं लागलं मले.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातली आशाताई आली, सीमा नावाची, वयानं आकांक्षाएवढीच पण जबान सुईसारखी. तिनं सारं ऐकलं अन् मले एवढंच विचारलं, की काका, पहिल्यांदा तोललं तवा लेकरू कशात होतं? मी म्हटलं, टोपलीत. खाली गोधडी, अंगावर शाल, डोक्यावर टोपरं. अन् दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा काहीच नाही, उघडंच. बाई, तीस वर्षं अकोल्याच्या बाजारात बारदानाच्या, म्हणजे रिकाम्या पोत्या-टोपल्यायच्या, शंभर-शंभर ग्रॅमसाठी मी व्यापाऱ्यांचं डोकं खाल्लं, अन् स्वतःच्या नातीच्या वेळेस बारदान वजा करायचं राहिलं! सीमा म्हणे, पहिल्या आठवड्यात लेकराचं थोडं वजन उतरतेच, दहा-चौदा दिवसांत भरून येते. दिवसाले सहा-सात लंगोट ओले होतात ना? मग पोट भरते, काटा बाजारात न्या. मग तिनं आकांक्षाजवळ बसून शिकवलं, की नुसतं टोक देऊ नको, पोरीले आऽ मोठा करू दे, हनुवटी छातीले टेकू दे, तू वाकू नको, तिले जवळ ओढ. दोन-तीन दिवसांत खाटेची पाटी धरणं बंद झालं. अन् काल सीमानं तिच्या झोळीच्या काट्यावर तोललं, दोन किलो आठशे साठ. उघडं. डबा अजून सीलबंद आहे.

तवा इकडची काळजी करू नको. जिवाले जप. भाऊजीले नमस्कार, बिड्यायले नाही.

तुहा,
सूर्यभान

ता. क. बारशाले येशीन तं मध आणू नको. तूप आण.

ता. क. दुसरा. तो घाबरट माणूस मीच होय, अन् खोलीची बंदीही त्याच डब्यापायी. तुले पहिल्याच ओळीत समजलं असन.

ता. क. तिसरा. खरं काम असं, की बारशाच्या चार दिवस आधी ये. आकांक्षा तुहं ऐकते. तिले सांग, की बाप चुकला, काटा चुकला, तुह्यात काही कमी नव्हतं. मी आठ दिवसांत तीनदा दारापर्यंत गेलो, पण शब्द निघत नाही वं. बाजारात आरडाओरडा करणारा माणूस मी, अन् पोरीसमोर माह्या तोंडाले कुलूप लागते.

ता. क. चौथा, आकांक्षाकडून. आत्या, आईनं पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र मले आणून देलं. पाहा आमचे बाबा! माफी मागाले यायले चांदूर बाजारची आत्या लागते, दहा पावलांवरची पोरगी चालत नाही. तू चार दिवस आधी ये, पण त्यासाठी नको, पोरीले पाहाले ये. बाबाले मी आताच हाक मारून राहिली. त्यायचं बोलणं मले एवढं काहून लागलं, सांगू? मलेही मनातून तेच वाटत होतं, की माह्यानं होत नाही. आता नाही वाटत.