पाठीला कोंब फुटलेली बाई

पणदरे, मंगळवार

तीर्थस्वरूप सौ. सरोजिनीआत्या यांस,

उत्कर्षाचा वाकून नमस्कार. तुमचं ब्लड प्रेशर आता कसं आहे? लोणचं खरंच सोडलंत का? इथे आप्पा, आई आणि दोन्ही गायी खुशाल. मी खुशाल आहे की नाही हे मला नक्की सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुम्ही सुचवलेल्या इंदापूरच्या स्थळाबद्दल काहीबाही तुमच्या कानावर आलं असेल. खरं काय ते माझ्याकडूनच कळावं (फोनवर मी मधेच रडते, म्हणून पत्र). पोहे दोनदा झाले होते. तिसऱ्यांदा इंद्रजितच्या आई लीलाबाई म्हणाल्या, बारामतीला सगळे मिळून सिनेमा बघू, पोरांचंही बोलणं होईल. आप्पा म्हणाले, तू शिकलेली, तिकिटं तूच काढ. मी पुष्कळ विचार केला. मारामारीचा नको, प्रेमाचा तर नकोच. एका पोस्टरवर पाठमोरी बाई होती आणि तिच्या पाठीवर हिरवे कोंब. मला वाटलं, शेतीविषयक असेल. दारावरच्या माणसाने सगळ्यांची आधार कार्डं मागितली तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण इंद्रजितचे आजोबा, वय ब्याऐंशी, त्याच्यावरच घसरले, "नातू लग्नाला आला, आन् मला वय इचारतोस व्हय रं?" त्या गडबडीत आम्ही आत गेलो.

आत्या, तो शेतीविषयक नव्हता. त्या बाईच्या मणक्यातून खरोखरच कोंब फुटतात. ती कात्रीने कापते, की दुप्पट येतात. रक्त आहेच (तुमच्या प्रेशरमुळे सविस्तर लिहीत नाही). मी डोळे मिटून घेतले, पण कान मिटता येत नाहीत, आणि शेजारी आजोबा मोठ्याने सांगत होते, "आरं, वरवर छाटून काय व्हतंय? फुटवं वाढणारच. मुळातनं काढा म्हणावं!" आप्पांचं म्हणणं, आधी माती तपासायला हवी होती. आता बाईची माती म्हणजे काय, पण दोघांचं चांगलं जुळलं. लीलाबाई एवढंच विचारत राहिल्या, "हिच्या म्हायेरचं कुणीच कसं येईना?" मला कळेना, सिनेमा निवडल्याची लाज वाटून घ्यावी की त्या बाईची काळजी करावी. तेवढ्यात माझ्या उजवीकडे धप्प आवाज झाला. इंद्रजितना चक्कर आली होती. (ते जनावरांचे डॉक्टर आहेत, असं तुम्हीच सांगितलं होतं.) सगळ्यांनी त्यांना धरून बाहेर आणलं, मी तोंडावर पाणी मारलं (जरा जास्तच) आणि सिनेमा तिथेच राहिला.

त्यानंतर अकरा दिवस होकार नाही, नकार नाही. चूक माझी, हे मान्य. पण माफी नक्की कशाची मागायची? सिनेमाची, पाण्याची, की मुलगा पडलेला मी पाहिला याची? परवा लीलाबाईंचा निरोप आला. मुलगी पसंत आहे. पण सत्यनारायणाची कथा अर्धी टाकून कुणी उठतं का? तसं त्या बाईला त्या अवस्थेत सोडून आलो, हे बरं झालं नाही. तिचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. आणि सिनेमा तर बारामतीतून गेला!

तुमची गोंधळलेली,
उत्कर्षा

ता. क. तुमच्या पुण्यात तो अजून चालू आहे. तुम्ही मुख्याध्यापिका होता, लीलाबाई तुमचा शब्द प्रमाण मानतात. "मी पूर्ण पाहिला" असं त्यांना फोनवर सांगाल का?

आणखी ता. क. पाहू मात्र नका. शेवट मला माहीत आहे. चक्कर प्रकरणाच्या दुसऱ्याच दिवशी वाचनालयात जाते म्हणून मी एकटी बारामतीला जाऊन उरलेला पाहिला. मागच्या रांगेत इंद्रजित होते, रुमाल घट्ट धरून. रात्रभर झोप लागली नाही म्हणाले. मग ते डोळे मिटत तेव्हा मी सांगत होते, मी मिटले की ते. आमचं सगळं ठरलं आहे, पण हे दोन्ही घरी कसं सांगायचं? बाई बरी होत नाही, तिचं अख्खं झाड होतं. तुम्ही "ठणठणीत झाली" एवढंच म्हणा. मीच म्हटलं असतं, पण मला खोटं बोलता येत नाही.