देवळीतला डबा

९ जुलै
विमलबाई आली. माझ्या दारात. चपला बाहेर काढून!

सहा वर्षांपूर्वी जिनं माझी ट्रंक अंगणात फेकली ती ही माझी सासू. आता जुनी सासू. मागे पदर घेऊन उभी होती राजनंदिनी. मला सोडचिठ्ठी दिल्यावर भागवतसाठी आणलेली दुसरी. वंशाला मुलगा हवा म्हणून आणली, पण घरात पाळणा काही हलला नाही.

"उज्ज्वले, नारायणगडाला दर्शनाला गेले तवा बायका सांगत हुत्या, तुज्या चिनी सुयांनी लई जणींची कूस उजवली. झालं गेलं इसर. हिला बघ."

झालं गेलं विसर! सायलीनं आतून पाणी आणून दिलं. विमलबाईनं तांब्या घेतला, पण पोरीच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःची नात! पण मुलगी ना, तिचा कसला वंश.

मी राजनंदिनीला जीभ दाखवायला सांगितली. फिकट, कडेला दातांचे ठसे. दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहिल्या. दोरा ओढल्यासारख्या बारीक. "दर मंगळवारी आणा," म्हणाले. त्या जिना उतरून गेल्यावर दार लावून एकटीच हसले.

१० जुलै
झोप नाही. सगळं वर आलं.

सायली झाल्यावर मला फार अंगावर जायचं. विमलबाईच्या घरात देवीचं ठाणं. दर मंगळवारी पूजा, पौर्णिमेला आरतीला गावच्या बायका. आणि मी सारखी कोपऱ्यात बसलेली! "देव बाटतोय," हे तिचं पालुपद. शेवटी एक दिवस जीपमध्ये घालून बीडला नेलं आणि पिशवी काढून आणली. पंचविशी उलटली नव्हती माझी. आणि मग त्याच तोंडानं म्हणाली — हिला आता पोरगा हुणार न्हाई, भागवतला दुसरी बघा!

पुण्यात सुया शिकले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, चिनी लोक गर्भाशयाला पोराचा महाल म्हणतात. वर्गात सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ जुलै
पहिली बैठक. सुया टोचल्या. एकही जागेवर नाही!

घोट्याच्या वर जिथं टोचायची तिथून बोटभर बाजूला. पोटावर नुसतं कातडीत. दुखणार नाही, रक्त येणार नाही, गुणही येणार नाही. विमलबाई बाकावर बसून जपमाळ ओढत होती. ओढ म्हणावं. मी टोचते, तू ओढ.

३० जुलै
विमलबाईनं आज मला "बाई" म्हटलं. "बाई, औंदा तरी हुईल का वो?"

होईल की, म्हणाले. देवीची इच्छा!

१३ ऑगस्ट
आज जे कळलं ते सगळं लिहून ठेवते.

विमलबाई खाली भाजी घ्यायला गेली होती. सुया लावून मी सहज विचारलं, "पाळीची तारीख काय गं तुझी?" राजनंदिनी म्हणाली, "कसली तारीख, आक्का? आत्याबाई गोळी देत्यात ना. मंगळवार आला, पुनव आली, सण आला, कुणाच्या घरचं जागरण आलं, की गोळी. त्यांच्या देवळीत डबा हाय, कुंकवाच्या करंड्याशेजारी."

तो डबा! पितळेचा, झाकणावर मोर. मलाही त्यातलीच देत होती. पाळी लांबवायची गोळी. सगळ्याच घरांत बायका सणाला एखादी घेतात, म्हणून मला कधी संशयच आला नाही. पण ही तर बारा महिने खाऊ घालते! मग पाळी बिघडणार नाही तर काय होणार? गोळी थांबली की धो धो जाणार. माझं तसंच झालं होतं. आजार नव्हताच मला. तिनं माझ्या हातावर ठेवला होता तो आजार, रोज सकाळी, हळदीकुंकवासकट!

आणि आता तीच बया वंश वंश करत माझ्या बाकावर बसते. स्वतःच्या हातानं नातू अडवून ठेवलाय आणि पत्ताच नाही.

"गोळी बंद कर." एवढं एकच वाक्य. तोंडात आलं होतं. जिन्यावर विमलबाईच्या जोडव्यांचा आवाज आला. वाक्य गिळलं.

१४ ऑगस्ट
मला काहीच करायचं नाही. खोट्या सुयासुद्धा नकोत. नुसतं गप्प बसायचं. ती डबा उघडत राहील आणि आपल्याच पायावर धोंडा पाडत राहील. ह्याहून गोड सूड आहे का जगात? आई असती तर म्हणाली असती, करावं तसं भरावं. भर, विमलबाई. काठोकाठ भर!

३ सप्टेंबर
पोळा काल झाला. विमलबाईनं पुरणपोळ्या पाठवल्या. सायलीनं खाल्ल्या. मी शेजारच्या शेळीला घातली माझी. शेळीनं खाल्ली, मला बरं वाटलं.

१७ सप्टेंबर
राजनंदिनी जिना चढून आली तीच भिंत धरून. ओठ पांढरे. गौरी-गणपतीत सहा दिवस गोळ्या दिल्या, थांबल्यावर नळ सुटल्यासारखं जातंय.

विमलबाई तिच्यासमोरच म्हणाली, "आता बास. घट उठले की बीडला नेती. पिशवीच काडून टाकू. पोर तर न्हाईच, निदान देव तरी बाटायचा न्हाई. माज्या थोरल्या दिराचा नातू भागवतच्या मांडीवर घिऊ. तुज्या येळंला केलं तसंच, बाई."

तुझ्या वेळेला केलं तसंच. काय साध्या आवाजात बोलली! दूध नासलं, फेकून देऊ — तशी.

राजनंदिनी माझ्याकडे बघत होती. तेवीस वर्षांची आहे ती. माझं तिच्याशी काय वैर? माझ्या चुलीवर स्वयंपाक केला, एवढंच. आणि तिला आणलं तेव्हा विचारलं तरी होतं का कुणी?

पण सांगितलं तर? गोळ्या बंद होतील, पाळी रुळावर येईल, पोर होईल. विमलबाई बारशाला पेढे वाटेल. माझ्या हातून तिला नातू! नाही. जीव गेला तरी नाही.

१९ सप्टेंबर
नाही म्हणजे नाही.

२४ सप्टेंबर
सांगितलं.

विमलबाईला नाही. फक्त राजनंदिनीला. बुढीला चहाला खाली पाठवलं आणि सगळं सांगितलं: गोळी, डबा, माझी पिशवी. ऐकताना रडली नाही. शेवटी विचारलं, "आन् आक्का, तुमच्या सुया?"

"त्याही खोट्या टोचल्या मी."

ताडकन उठून बसली. वाटलं, थुंकेल तोंडावर. मग पाय पुढे केला. "आता खऱ्या टोचा."

खऱ्या टोचल्या. चिनी दवण्याची कांडी पेटवून बेंबीखाली शेक दिला. बीडच्या सरकारी डॉक्टरीणबाईंकडे तिच्या भावाबरोबर जायला सांगितलं, पोटाचा फोटो काढून घे म्हणून. पिशवी ठणठणीत निघेल, पैज लावते.

७ ऑक्टोबर
पैज जिंकले. पिशवी चांगली आहे!

आणि राजनंदिनीनं काय केलं! घट बसल्यापासून रोज गोळी तोंडात घ्यायची आणि परसात जाऊन थुंकायची. काल माळ चढवायच्या वेळी, गावच्या बायका जमलेल्या असताना मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, मला कावळा शिवला." आणि कोपऱ्यात न जाता ओटीवर जाऊन बसली. बीडच्या ऑपरेशनचं म्हणाल तर मी सही करणार न्हाई, हेही तिथंच सांगून टाकलं.

आज विमलबाई माझ्या दारात येऊन ओरडून गेली. "तू फितवलीस! घटात इटाळ झाला!" घसा बसला तिचा. मी मीठपाणी दिलं गुळण्या करायला. घेतलं नाही.

२२ ऑक्टोबर
राजनंदिनी एकटीच आली, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. नाडी भरलीय. जिभेला रंग आलाय. "भागवत घरात कुणाच्या बाजूनं?" विचारलं. म्हणाली, "त्यांचं काय, आईसमोर गप्प, खोलीत गोड." ओळखते मी त्याला.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. भाऊ न्यायला आला तर विमलबाईनं राजनंदिनीची ट्रंकही त्याच्या गाडीत टाकली. "वांझ बाई परत आणू नगंस." भागवत दारात उभा राहून फोन बघत होता म्हणे.

माझीही ट्रंक अशीच. निदान तिची गाडीत तरी टाकली!

८ डिसेंबर
सकाळी राजनंदिनीचा फोन. "आक्का, दुसरा म्हयना सरला. डॉक्टरीणबाईनं ठोके ऐकवले. मी परत जाणार न्हाई. तिकडं कळवू नका."

दुपारी विमलबाई आली, गुडघे धरून. दुसरीकडे गुण येईना. आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "वांझ गेली, बाई. सुंठीवाचून खोकला गेला."

वाक्य तोंडात आलं होतं. गिळलं. गुडघ्याच्या सुया मात्र अगदी जागेवर टोचल्या. तिला पुष्कळ जगायचंय अजून.