थोपटणारी बंडी

१० फेब्रुवारी
पुणं सोडून परदेशात आलो आणि पॉइंट कुकच्या घरात सामान लागलं एकदाचं! आमच्या चिमुरडीने, कादंबरीने मोठी खोली बळकावली, नवऱ्याने, सलिलने नव्या ओट्यावर पहिला चहा टाकला आणि मी नोकरीवर रुजू झाले. काम लष्कराचं. पाठीवर हलके ठोके देऊन सैनिकाची भीती, थकवा, वेदना सगळं विसरायला लावणारं जॅकेट बनवायचं. मी मनात त्याला बंडीच म्हणते. आमची बॉस केरन पहिल्याच दिवशी माझं नाव तोडून मला ‘तेज’ म्हणायला लागली. पुण्यात कुणाची टाप नव्हती!

१९ फेब्रुवारी
ठोक्यांचा ताल कुणाला जमेना. शेवटी मी विचारलं, तान्ह्या बाळाला थोपटून झोपवता ना, तसं करून पाहू या का? सगळे बघतच राहिले. इथे बाळं म्हणे आपापली झोपतात. मग कादंबरीला थोपटते तसं उशीवर थोपटून दाखवलं आणि तेच यंत्रात भरलं. लॉकलन हा आमचा स्वयंसेवक सैनिक, दांडगा आणि हसरा. बंडी घालून बर्फाच्या पाण्यात हात बुडवून गप्पा मारत बसला. मी दिवसभर हवेत.

५ मार्च
कॅनबेराहून बडी मंडळी आली होती. लॉकलन बंडी घालून, पाठीवर ओझं घेऊन सकाळपासून चालत होता. दुपारी स्क्रीनवर त्याचं डावं पाऊल वेडंवाकडं पडताना दिसलं. थांबवायचं बटण माझ्याच हाताशी होतं. पण पाहुण्यांसमोर घरचं उणं दाखवायचं नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं. लॉकलनला विचारलं, तर तो ‘नो वरीज, मेट’ म्हणाला. तेवढंच धरून मी गप्प बसले.
बूट काढला तेव्हा पावलाची हाडं मोडलेली होती. तो तरी हसतच होता.

८ मार्च
डॉक्टरांनी बंडी काढली आणि अडवून ठेवलेली सगळी वेदना त्याच्यावर एकदम कोसळली. औषधं लागू पडत नाहीत. केरन म्हणते, तुझी चूक नाही. आहे. माझीच आहे. घास उतरत नाही. कादंबरीला थोपटायला हात उचलवत नाही.

९ मार्च
लॅबमधली दुसरी बंडी घेऊन आले. हुडीच्या आत घातली, थोडाच वेळ — दोन घास गेले. सलिलला सांगितलं नाही.

११ मार्च
हॉस्पिटल. दुपार.
लॉकलनने माझा हात ओढून आपल्या पाठीवर ठेवला. डाव्या हाताने थोपटतेय, उजव्याने लिहितेय. लिहिलं नाही तर मीही ओरडेन. थोपटलं की शांत — थांबले की किंचाळतो. माझ्यामुळे. उद्या त्याची आई येणार. तिला काय तोंड दाखवू —
सहन होत नाही. हुडीच्या आतली बंडी चालू केली.

बरं वाटतंय. हात भरून आला होता, खाली घेतला. तो ओरडतोय. नर्स धावत आली, मला काहीतरी सांगतेय. पोरगं ओरडतंय एवढं कळतंय, पण मला त्याचं काही वाटत ना—