देवघरातला चालता शंख

आई,

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा समुद्र बघितला. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून. तुझ्या नातीनं नेलं. तू तिला जेमतेम रांगताना बघितलंस. आता ती रत्नागिरीकडं राहते आणि खडकाळ किनाऱ्यावरचे बारके जीव शोधून त्यांचा अभ्यास करते. ‘ह्याचा पगार देतात?’ असं मी तिला विचारलं होतं, तेव्हा लई हसली होती. ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हाच जावं लागतं म्हणून तिनं मला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. माझ्या मनात समुद्र म्हणजे वाळू आणि लाटा. तिथं बघते तर काळे खडक, शेवाळानं बुळबुळीत झालेले, आणि खळग्याखळग्यांत साठलेलं पाणी. मी म्हटलं, हे दाखवायला एवढ्या लांब आणलंस होय? आपल्या वळसंगच्या माळावर दगडांना काय तोटा आहे?

तोल सावरायला मी एका खडकावर हात टेकला तर ती ओरडली, “आई, हात काढ, जिवंत आहेत ते.” बघितलं तर दगडाला खरूज झाल्यासारखे पांढरे खरबरीत ठिपके. बार्नकल म्हणतात त्यांना. म्हणे खेकड्या-कोळंबीच्या कुळातले. लहानपणी पाण्यात मोकळे पोहत हिंडतात, मग एकदा डोकं दगडाला चिकटवतात, भोवतीनं चुन्याचं घर बांधतात आणि जन्मभर खाली डोकं वर पाय करून पायांनीच तोंडात घास ओढतात. भेगांमध्ये काळ्या गोगलगायी एकमेकींना खेटून, शंखाचं दार लावून बसलेल्या. भरती येईपर्यंत आतलं पाणी जपायचं असतं त्यांना. मी इतकी वर्षं सातवी-आठवीच्या पोरांना फळ्यावर चित्रं काढून संधिपाद आणि मृदुकाय शिकवले, आणि त्यातला एकही मला समोर आला तर ओळखता आला नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

मग तिनं एका खळग्यातून एक शंख उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तपकिरी ठिपक्यांचा, तोंडाशी जरा फुटलेला. थोडा वेळ काही नाही, आणि मग आतून पाय आले. बारीक, केसाळ, चाचपडत. ती सांगत होती की हा शंख गोगलगायीचा, पण ती कधीच मेलेली. आत राहतोय तो खेकडा. पोट मऊ असतं म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात शिरतो, वाढला की मोठा शंख शोधतो. “आणि घट्ट किती धरून बसतो माहितीय? ओढून काढायला गेलं तर तुटतो, पण सोडत नाही.” ती हे सहज बोलली. मी मात्र तिथंच ओल्या खडकावर बसले. साडी भिजली. तिला वाटलं मला चक्कर आली. मला तुझ्या हातातली खराट्याची काडी दिसत होती.

तुला आठवतं ना? मी बारा-तेरा वर्षांची असेन. आपला जुना शंख शहाबादी फरशीवर पडून त्याला चीर गेली होती, अप्पांनी तो तळ्यात सोडला होता, आणि शंखावाचून तुझी पूजा अडत होती. शेजारच्या मावशींच्या मालकांचा टेम्पो होता, एमआयडीसीतून टॉवेल-चादरी भरून रत्नागिरीला जायचा. मावशी एक दिवस पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. “तुमचं शंख फुटलं म्हणलीस की. ह्यांनी समुद्रातनं आणलंय बघ. इकत न्हाय, दगडावर गावलं.” तो देवाचा शंखच नव्हता, आई. पूजेचा पांढरा शंख वेगळ्या जातीचा. हा कुठल्यातरी गोगलगायीचा ठिपकेदार शंख, लिंबाएवढा. पण आपल्याला काय कळतंय? आपल्याकडं समुद्रातनं आलं ते सगळं पवित्र. तू तो कपाळाला लावलास आणि देवघरात उजव्या हाताला ठेवलास.

रोज सकाळी अप्पा महादेवाच्या देवळात पूजेला गेले की तू आपल्या घरच्या देवांपुढं पाटावर बसायचीस. ताम्हनात शंख घेऊन पाणी घालायचं, पुसायचं, गंध-फूल वाहायचं. शंखाला अक्षता वाहत नाहीत, हे तू मला चिमटा काढून शिकवलं होतंस. पण त्यात पाणी काही भरता येईना, तोंडाशी काहीतरी घट्ट बसलेलं. “समुद्राचा गाळ हाय, वाळून दगूड झालाय,” असं म्हणून तू खराट्याची काडी घेऊन तो उकरायचीस. रोज थोडं थोडं. मी शेजारी दप्तर भरत असायचे. एकदा म्हणालीस, “लई चिवट हाय बया.”

आणि त्याच दिवसांत तुला ते दुसरं दिसायला लागलं. संध्याकाळी दिवा लावून तू देवापुढं गूळ-खोबऱ्याचा तुकडा ठेवायचीस आणि देवघराची दोन्ही दारं लावून कडी घालायचीस, उंदरांच्या भीतीनं. सकाळी तो तुकडा गाईला. तर एका सकाळी तू मला स्वयंपाकघरात ओढत नेलंस आणि खोबऱ्याची कड दाखवलीस. कुरतडलेली. “उंदीर,” मी म्हटलं. “कडी लावल्याली हाय. उंदीर कडी काढून आत जाऊन पुन्ना कडी लावतो व्हय?” दुसऱ्या दिवशीही तेच. शंखही ठेवल्या जागी नसायचा, कधी गणपतीमागं, कधी घंटेजवळ. तू अप्पांना सांगितलं नाहीस. मला म्हणालीस, “कुणाला सांगू नगंस. दिसतंय म्हणून सांगत सुटलं की बंद होतं.” त्या दिवसांतला तुझा चेहरा मला अजून दिसतो. भाकरी थापताना तू कानडीत काहीतरी गुणगुणायचीस. मला तू तेवढी खूश पुढं कधी दिसली नाहीस, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

मग ती सकाळ. तू कडी काढलीस, दारं उघडलीस, आणि बाळकृष्णाच्या मागून शंख चालत आला. पायांवर. दोन पावलं आला, थांबला, खोबऱ्याला लागला. एक पाय नव्हता त्याला, त्या जागी नुसता खुंट. मी टाळ्या पिटत ओरडले, “आई, देव खेकडा निघाला गं!” मला वाटलं तूही हसशील. तू हात उगारलास, मारला नाहीस. “हसू नगंस,” म्हणालीस. “घर हाय ते त्याचं.” मग तू परातीत मिठाचं पाणी केलंस, त्यात जुनं धडपं भिजवून त्यावर त्याला ठेवलंस, आणि वासराला बोलवावं तशी कानडीत “बा, बा” करत बसलीस. तो आत शिरला तो शिरलाच. त्या दिवशी देवांना आंघोळ नाही. संध्याकाळी अप्पांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडं बोट केलंस. “उद्यापासनं ही करंल. मला आता तितं बसवत न्हाय.” अप्पा, जन्मभर देवळात पूजा करणारा माणूस, उभ्याचे उभेच राहिले. का, कशानं, काय झालं? तू भाजी चिरत राहिलीस.

खेकडा तू परत पाठवलास. ओल्या फडक्यात गुंडाळून, भोकं पाडलेल्या डब्यात, त्याच टेम्पोनं. मावशींच्या मालकांना तू तीनतीनदा बजावत होतीस, “काठावर टाकू नगासा. चांगलं आत, खोल पाण्यात सोडा.” ते परत आले तेव्हा तू दारातच त्यांना गाठलंस. “सोडलं की,” ते म्हणाले, “लांब फेकलं, मधी.” तेव्हा तू निवांत झालीस, पण देवघराकडं फिरकली नाहीस. माझ्या अडचणीच्या दिवसांत अप्पा देवळातून धावत येऊन देवांवर कसंबसं पाणी घालायचे, पण तू नाहीच. माझ्या लग्नानंतर पूजा अप्पांवरच आली. पुढं अप्पा गेले, देव आणि तू दोघंही माझ्या घरी आलात. तिथंही तू स्वयंपाकघराच्या दारातूनच हात जोडायचीस. जोडायचीस मात्र रोज. हे मला कधी कळलं नाही. देवावर राग असेल तर हात कशाला जोडायचे, आणि नसेल तर पुढं यायला काय होतं?

नोकरीला लागल्यावर मी पहिल्या वर्षी संधिपादांचा धडा शिकवला आणि नवं नवं ज्ञान घेऊन घरी आले. म्हटलं, आई, तो खेकडाच होता, चमत्कार-बिमत्कार काही नव्हता. “मला म्हाईत हाय की,” तू म्हणालीस, “मी काय येडी हाय व्हय?” मग सोडलीस कशाला पूजा? तू तव्याकडं बघितलंस. “भाकरी करपतीय बघ.” भाकरी काही करपत नव्हती.

हे सगळं मी त्या खडकावर बसून तुझ्या नातीला सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं अर्धं लक्ष खेकड्यात. कोरडा इतके दिवस जगला, खोबरं खाल्लं, रात्री हिंडला, म्हणजे तो खळग्यातला नव्हे, काठावर राहणारा, जमिनीवरच्या जातीतला असणार, असं ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “आई, ते मोठे झाले की पाण्यात राहू शकत नाहीत. ओल लागते, पण बुडवून ठेवलं तर गुदमरतात. खोल पाण्यात फेकला असेल तर...” आणि माझं तोंड बघून घाईनं म्हणाली, “चालत वरही आला असेल. सांगता येत नाही.” सांगता येत नाही, हे मलाही कळतं. पण तू गेल्याचं बरं वाटावं असा तो पहिलाच क्षण होता माझ्या आयुष्यात, आणि ते वाटल्याचं मला रडूही आलं. काठावर टाकू नका, असं तू जीव तोडून सांगत होतीस गं.

परतताना गाडीत तिनं मला विचारलं ते मात्र मी घरी आल्यापासून मनात घोळवते आहे. “आजीनं पूजा सोडली, तर तू का धरून बसलीस? तुझ्यानंतर मी करणार नाही, आधीच सांगते. तुझे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. बंद कर की.” पोरगी वाईट मनानं बोलत नाही. डॉक्टरही तेच म्हणतो. मीही कधीकधी तेच म्हणते. पण बंद करायचं तर तू का सोडलंस ते मला कळायला नको का? खोबरं खाणारा देव नव्हता म्हणून तुझं मन उडालं असेल, तर मी इतकी वर्षं रिकाम्या घरात पाणी घालत आले, आणि आज थांबले तरी काही बिघडत नाही. आणि रोज स्नान घालून, गंध लावून आपण एका जिवाला काडीनं टोचत होतो, त्याचा पाय आपल्या हातानं गेला, ह्यानं तुझा हात थबकला असेल, तर ती गोष्ट वेगळी. मग तू देवाला सोडलं नव्हतंस, स्वतःच्या हाताला सोडलं होतंस, आणि देव माझ्या हाती विश्वासानं दिले होतेस. मग मी कसे ठेवून देऊ? रोज सकाळी मला एक पटतं आणि आंघोळ होईपर्यंत दुसरं पटतं. दारातून हात जोडणारी तू आठवलीस की वाटतं दुसरंच खरं. गुणगुणायची बंद झालेली तू आठवलीस की वाटतं नाही, पहिलंच. दोन्ही असेल का गं? दोन्ही असलं तर मी काय करायचं?

शेजारच्या मावशीही गेल्या, त्यांचे मालक त्यांच्या आधीच. विचारायला कुणी उरलं नाही. हे पत्र लिहून होईल, मी ते घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन आणि कधीतरी लेकच रद्दीत घालील. घालू दे.

गुडघ्यांसाठी तिनं एक उंच स्टूल घेऊन दिलंय, त्यावर बसून पूजा कर म्हणाली, करायचीच असेल तर. ते मी बाजूला सारलं आणि तिला वाटलं म्हातारी हट्टी आहे. तुला म्हणून सांगते. देवांपुढं अजून तुझाच पाट असतो. मी त्यावर कधीच बसले नाही, पहिल्या दिवसापासून नाही. मी शेजारी फरशीवर बसते, जरा भिंतीकडं सरकून, आणि हात लांब करून पूजा करते.