बटणबाईचं पिल्लू

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखून भुवया उंचावशील. उंचाव. अकरा वर्षांनी लिहितेय, आणि आजच अंग इतकं आंबलंय की पेन धरवत नाही. सकाळी दादांना उठवायचं, भरवायचं, मग दिवसभर रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या. संध्याकाळी पाठीचं लाकूड झालेलं असतं. तक्रार नाही गं, नुसतं सांगतेय.

दादांनी अंथरुणात नवीनच खूळ घेतलंय. गुलाबावरच्या त्या लाल ठिपकेवाल्या किड्याची सगळी नावं माझ्याकडून वहीत लिहून घेतात. पुस्तकातलं चित्रांग भुंगेरा, औषधवाल्याचं ढालकिडा, जुन्या माळ्यांचं टिकली, आणि तू चार वर्षांची असताना ठेवलेलं बटणबाई. तिथे आले की थांबतात. मग म्हणतात, पुढचं लिही. पुढचं काही नसतंच.

काल मात्र म्हणाले, पिल्लाचं नाव राहिलं. ती काळपट, काटेरी अळी आठवते? आपण तिला मगरी म्हणायचो. मगरी म्हणजे बटणबाईचंच पिल्लू, हे त्यांनी आपल्याला कधी सांगितलंच नाही. बाप माळी, मग पोरींना हे वेगळं काय सांगायचं, असं वाटलं असेल.

त्या वर्षीचे तीनशे गुलाब तू विसरली नसशील. दादा फवारणी करत नसत, पानांचा रस शोषणारा मावा खायला बटणबाई आहे म्हणायचे. मग कुणीतरी फवारलं, मगऱ्या मेल्या, मावा परत आला तेव्हा त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. सगळी झाडं गेली. पंप तुझ्या खोलीबाहेर सापडला. दादा तुला नको नको ते बोलले आणि तू पिशवी भरून निघून गेलीस.

फवारलं मी. पानं मगऱ्यांनी भरलेली बघून घाबरले, वाटलं दादांची झाडं वाचवतेय. पंप धुऊन तुझ्या दाराशी टेकवला, तिथेच पाणी निथळायचं म्हणून. तू ‘मी नाही, मी नाही’ म्हणत होतीस आणि मी आत भांडी घासत राहिले. त्याची लाज अजून जात नाही. काल वही हातात असतानाच दादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पेन मागितलं, बटणबाईपुढे वाकड्यातिकड्या अक्षरात ‘धाकटीने ठेवलेलं’ एवढं लिहिलं आणि म्हणाले, तिला बोलाव. डॉक्टर म्हणतात, त्यांच्याकडे जेमतेम महिना उरलाय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुझीच, तेव्हा गप्प बसलेली,
ताई