गावदेव धावपट्टीच्या कडेला

१८ नोव्हेंबर २०१८

प्रिय सुषमा,

अनेक आशीर्वाद. आईबाबांना नमस्कार सांग. आपल्या वेवजीत भात झोडून झालं असेल. मी बरा आहे, जेवणही बरं आहे, फक्त इथल्या भाताला आपल्या भाताचा वास नाही. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि बाबांच्या हातात फोन गेला की शेजारच्या पाड्यालाही सगळं कळतं.

आमच्या हवाई तळाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. गेटवरच्या पहाऱ्याच्या जोडीला त्याचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. लढाईच्या दिवसांत इंग्रजांनी घाईघाईने धावपट्टी बांधली, मग विमानं आली, जुनी झाली, नवी आली. जुन्या कागदांत हे सगळं आहे. त्याआधी इथे काय होतं, त्याबद्दल मात्र एकच शब्द आहे, माळरान.

पण पहाटे धुकं उतरलं की धावपट्टी दिसेनाशी होते आणि मला तिथे घरं दिसतात. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, कुणीतरी भात पाखडतंय. दादाला वेड लागलं म्हणशील. हे वेड लाडकीआजीने लावलं.

धावपट्टीसाठी उठवलेल्या गावातली ही आजी दरवर्षी कापणीनंतर पास काढून आत येते. टोपलीत नवा तांदूळ आणि कोंबडा. धावपट्टीच्या कडेला चिंचेखाली त्यांचा गावदेव आहे. गाव उठवलं तेव्हा जाणत्यांनी एकच मागणं केलं, देव हलवू नका. लढाई संपली की परत येऊ, तोवर देव जागा राखेल, असं त्यांना वाटलं.

यंदा तिच्यासोबत मी गेलो. मोकळं गवत, पण ती सरळ चालेना. मध्येच डावीकडे वळे, मध्येच उजवीकडे. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लोकांच्या घरातून कसं चालायचं?" गाव उठलं तेव्हा ती आईच्या कडेवर होती. ही वळणं तिला आईने शिकवली. मीही मुकाट तिच्यामागे वळत गेलो. मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

तांदूळ वाहून झाल्यावर तिने विचारलं, "कुठला रं तू?"

"वेवजीचा. तलासरीकडचा."

"तुमचा देव तुमच्यात हाय ना?"

हाय म्हणालो.

सुषमा, मी कशाला इतकं लांबण लावतोय ते तुला कळलं असेल. नवी रेल्वेलाइन आपल्या पाड्यावरून जाणार. देव जागेवरच ठेवू, भोवती कठडा बांधू, असं मोजणीवाले म्हणाले. ते शब्द पाळतील का, हे रवीला विचारा, तो सरकारी माणूस आहे, असा बाबांचा निरोप तू दिलास, आणि मी पावसापाण्याचं बोलत राहिलो.

बाबांना सांग, पाळतील. इथे पाळलाय. कठडा पक्का आहे, दरवर्षी चुना लावतात, चिंचेची फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. आणि आजीच्या टोपलीची झडती मी घेतो. घड्याळ बघून तिला परत गेटवर सोडतो.

जाताना ती म्हणाली, "जाग्यावर ठेवला तिथंच चुकलं. तो बी एकटा पडला, आन आम्ही बी."

तेव्हापासून मला झोप नाही. उद्या तू अशीच टोपली घेऊन कुठल्या तरी गेटवर उभी राहशील, आणि माझ्यासारखा कुणी तुला थांब म्हणेल. ते मला सहन होणार नाही.

जमीन राहील की जाईल, ते आपल्या हातात नाही. देव मात्र आहे. भगताला सांग, देव जागेवर ठेवायचा का, ते तांदूळ पाहून ठरवायची घाई करू नको. आपण जाऊ तिथे देव न्यायचा. तो उचलायला घरातला थोरला लागतो, आणि थोरला मी आहे. रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. देवाला घरच्यांसोबत न्यायचंय, म्हणालो.

तोवर बाबांना कुणालाही हो म्हणू देऊ नकोस.

निघतोच आहे.

तुझा दादा,
रवींद्र