उंटमानेखालचा उजेड

रम गाव,
६ मे, मंगळवार

वदहाताई,

सलाम. अल्ला तुझ्या घरात बरकत ठेवो. दाजींच्या कंबरेला आता उतार असेल, तुझा तलाल परीक्षेत पास झाला असेल, असं धरून चालतो. विचारायला गेलो तर फोनवर माझं नाव दिसताच तू तो कापतेस, म्हणून हा कागद. सब्बाह उद्या रजा संपवून तुमच्या जर्क्याच्या लष्करी छावणीवर परततोय, त्याच्या हाती देतोय. फाडायचा असला तर तो जिना उतरून गेल्यावर फाड. त्याच्यासमोर फाडलास तर तो फोनवरून अख्ख्या रमला सांगेल.

इकडे सगळं बरं. शेळ्या व्यायल्या, तीन जुळी झाली. यंदा धुळीने फार छळलं, एप्रिलमध्ये आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसला नाही. फिद्दाच्या धाकट्या बहिणीचं दीसा गावात लग्न झालं. जेवण चांगलं होतं म्हणतात. मी गेलो नव्हतो.

बाबांचं तुझ्या कानावर आलंच असेल. कुणी काय सांगितलं असेल ते अल्लालाच ठाऊक, म्हणून आधी हे वाच: बाबा ठणठणीत आहेत. आत्ता माझ्या शेजारी बसून चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरताहेत. आता बाकीचं सांगतो.

गेल्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला रात्री बाबा घरातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. वर्षभरात त्यांचं विसरणं किती वाढलंय हे तुला कुणी सांगितलं नसेल. मीच सगळ्यांना दटावलं होतं, वदहाच्या कानावर घालू नका म्हणून. जेवल्यावर तासाभराने पुन्हा जेवायला मागतात. फिद्दाला कधी आई समजतात. आणि रोज संध्याकाळी एकच विचारतात, "गझाला पाण्यावर आली का?"

तीन वर्षांपूर्वी मी त्यांना न विचारता ती सांडणी विकली आणि हा कॅमेरा घेतला. तेव्हा दारात उभी राहून तू म्हणालीस, "आता काय आभाळ शिजवून घालणार आहेस बाबांना? चला बाबा, माझ्याकडे." आणि मी म्हणालो होतो, "मुलगा जिवंत असताना बाप लेकीच्या दारात जाणार नाही." तुझं तोंड तेव्हा जे झालं, ते मला दिसतं अजून.

त्या सत्तावीसच्या संध्याकाळी फिद्दा बहिणीच्या लग्नाला गेली. जाताना तीनदा बजावून गेली, "दैफ, काकांना एकटं सोडू नकोस. कडी बाहेरून घाल, नाहीतर आत त्यांच्याजवळ झोप." सून होऊन आली तरी ती बाबांना काकाच म्हणते. मी म्हणालो, "अगं बाप आहे माझा, बोकड आहे का?"

सगळ्यांना मी काय सांगितलं ते आधी लिहितो. मी सांगितलं की मी घरातच होतो, दमून झोपलो आणि बाबांनी स्वतः कडी काढली.

ते खोटं होतं. मी घरात नव्हतो.

ताई, आठ दिवसांनी धूळ बसली होती. महिनाअखेरची रात्र, चंद्राचा पत्ता नाही, वारा पडलेला. उंटमानेचा कडा तुला माहीतच आहे, लहानपणी त्याच्या बगलेत आपण पाणी प्यायला चढायचो. त्या मानेवरून आकाशगंगा बरोबर मध्यरात्रीनंतर उगवते. तीन वर्षं मी परक्या पाहुण्यांना तिथे नेऊन त्यांच्यासाठी फोटो काढतो. माझ्यासाठी म्हणून एकदाही काढला नव्हता. बाबा घोरत होते. मी कडी न घालता निघालो. दोन तासांत येईन म्हटलं.

कॅमेरा तिपाईवर लावला, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला तो आपोआप फोटो घेत राहील असा. ते सगळे फोटो नंतर एकावर एक ठेवले की तारे रेघा होऊन कड्याभोवती फिरलेले दिसतात. त्यात एकच अट, मध्ये कुठेही आपला दिवा लागता कामा नये. मी बॅटरी विझवली, वाळूच्या टेकाडामागे गाडीत जाऊन पडलो.

चारला आवरून घरी आलो. बिछाना रिकामा. म्हटलं, फजरच्या नमाजाला मशिदीत गेले असतील. आणि मी झोपलो, ताई. सातला फिद्दाने लाथ मारल्यासारखा दरवाजा उघडला. "काका कुठायत?"

मशिदीत कुणी त्यांना पाहिलंच नव्हतं.

सब्बाहने घराभोवती माग काढला. पावलं दारातून निघून खडकाळ पट्ट्यापर्यंत गेली आणि तिथे पुसली. सगळे म्हणाले, म्हातारा गझालेला शोधायला जुन्या विहिरीकडे गेला. रोज तेच तर विचारायचा. बारा गाड्या दक्षिणेला गेल्या. मीही गेलो. कड्यांवरून हाका मारून घसा बसला. सब्बाह एरवी थट्टा केल्याशिवाय दोन वाक्यं बोलत नाही, तो फक्त गाड्यांना दिशा दाखवत होता.

अकराच्या सुमारास पाण्याचे डबे घ्यायला घरी आलो. तिपाई अजून गाडीत होती. फिद्दाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग इतकंच म्हणाली, "तुझं ते यंत्र रात्रभर डोळे उघडे ठेवून होतं ना? मग विचार त्याला."

मी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि त्या अंधारात एकेक फोटो पुढे सरकवू लागलो. कडा, तारे. कडा, तारे. दोन वाजून गेल्यावरच्या एका फोटोत उंटमानेच्या पायथ्याशी पिवळट ठिपका होता. तारा एवढ्या खाली, खडकाच्या पुढ्यात कसा असेल? पुढच्या फोटोत तो जरा उजवीकडे. मग आणखी उजवीकडे. मग वर चढलेला. मग पाझराच्या त्या भेगेत शिरला आणि दिसेनासा झाला. आपल्या दाराशी टांगलेली जुनी बॅटरी असाच पिवळा उजेड देते. खुंटी पाहिली. रिकामी.

मी घोंगडी फेकली तेव्हा फिद्दा सब्बाहला फोन लावतच होती.

भेगेत पहिला सब्बाह चढला. वरून ओरडला, "जिवंत आहे! आणि शिव्या देतोय!" मी मागोमाग कसा चढलो आठवत नाही. बाबा पाझराच्या ओल्या दगडाला टेकून बसले होते. एक चप्पल गायब, तळवा फाटलेला, ओठ मात्र ओले. मांडीवर माझा मेंढीच्या कातड्याचा कोट, नीट घडी घातलेला. रात्री तिथे किती थंडी पडते तुला ठाऊक आहे. तो त्यांनी अंगावर घेतलाच नव्हता.

"आलास?" ते म्हणाले. "नुसत्या सदऱ्यावर निघालास. गाडीचे लाल दिवे बघत आलो, पुढे तेही दिसेनात. घाल हा."

सब्बाह म्हणाला, "अहो काका, मग तुम्हीच का नाही घातलात?"

"माझा नाहीये तो," बाबा म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "किती हाका मारल्या रे तुला."

म्हातारपणाचं बरळणं समजून सब्बाह हसला, खाली उभे असलेले हसले. मला पाठीवर घेऊ द्या म्हणालो आणि बाबांना पाठीवर बांधून उतरलो. तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं.

आता जे लिहितो ते फिद्दालाही सांगितलेलं नाही. ती हाक मी ऐकली होती. गाडीत डोळे मिटून पडलो होतो तेव्हा लांबून कुणीतरी "दैफल्लाह" म्हणालं. एकदा, मग पुन्हा. वाटलं, पर्यटकांच्या छावणीतला कुणी पाहुण्यांना घेऊन आलाय आणि मला शोधतोय. ओ दिली असती तर त्याने दिवा मारला असता, सगळे फोटो वाया गेले असते. म्हणून मी श्वास धरून गप्प पडलो. बापाचा आवाज मला ओळखू आला नाही, की आला, हे नऊ दिवस स्वतःला विचारतोय. शपथ घेऊन सांगता येत नाही.

लिहिलं एकदाचं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय.

अकाबाच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं. तळव्याला सहा टाके, सलाईन, बाकी काही नाही. डॉक्टरीण म्हणाली, "यांचं हृदय तुमच्यापेक्षा चांगलं आहे." बाबांनी तिला विचारलं, तुझं लग्न झालंय का. त्या दिवशी फिद्दा आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वेड्यासारखे हसलो, इतके की पहारेकऱ्याने आम्हाला पाणी आणून दिलं. गेल्या तीन रात्री मी गाढ झोपलोय. बाबांच्या खाटेला खाट लावून.

आता मूळ गोष्ट. तीन वर्षांपूर्वी दारात जे बोललो ते परत घेतो. माझ्या घरात बाबा सुरक्षित नाहीत असं तुला वाटलं तर मी वाद घालणार नाही. तू लिही, मी स्वतः गाडीने जर्क्याला आणून सोडीन, त्यांच्या बिछान्यासकट, आणि दर महिन्याला येऊन भेटेन. इथेच राहू दे म्हणालीस, तर एक अट माझी. महिन्यातून एकदा तू येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. माझ्या शब्दावर विसंबायचं नाही.

आत्ता त्यांनाही विचारलं. म्हटलं, "बाबा, वदहाकडे जाऊन राहाल?"

वर्षभरात त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. मला वाटलं, कोण वदहा म्हणतील. त्यांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली. मग म्हणाले, "तिच्याकडे तिसरा मजला आहे. तिलाच सांग, खाली ये."

हे त्यांचं म्हणणं, जसंच्या तसं. माझं उत्तर तू काय लिहिशील ते.

तुझ्यासमोर आज पहिल्यांदाच खरं बोललेला,
तुझा धाकटा
दैफल्लाह